शपथेपूर्वीचा प्रवास

एका राज्याची प्रजा म्हणून जन्मास आलेला मनुष्य दुसऱ्या राज्याचा नागरिक नेमक्या कोणत्या क्षणी होतो, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात अगदी सोपे आहे. ज्या क्षणी तो नव्या राज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतो, त्या क्षणी. त्यापूर्वी तो परका, त्यानंतर तो आपला. परंतु माणसाचे आयुष्य कलमाकलमांनी पुढे सरकत नाही. जुना देश सोडून वर्षे लोटलेली असतात, नव्या देशात संसार थाटलेला असतो, अर्ज दाखल झालेला असतो. उणीव असते ती केवळ शपथविधीच्या दिवसाची. आणि नेमक्या याच काळात परदेशी जाण्याचा प्रसंग येतो. कोणाची आई अंथरुणाला खिळलेली असते, कोणाचे जुने येणे वसूल व्हावयाचे असते. मनुष्य निघतो, आणि बंदर मागे पडल्यावर त्याच्या ध्यानात येते की, जुन्या राज्याचे छत्र आपण स्वतःच्या हाताने मिटले आहे व नव्या राज्याचे अद्याप उघडलेले नाही. त्रिशंकूला निदान विश्वामित्राने वेगळा स्वर्ग रचून दिला होता. या प्रवाशाच्या पाठीशी कोणी उभे राहावयाचे?

हा प्रश्न इतिहासात एकदा तोफांच्या तोंडाशी येऊन ठेपला होता. साल १८५३, स्थळ तुर्की साम्राज्यातील स्मर्ना बंदर, म्हणजे आजचे इझमीर. ज्याच्यासाठी दोन राष्ट्रांच्या युद्धनौका एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या, तो कोणी राजपुत्र वा सेनापती नव्हता. मार्टिन कोस्टा नावाचा तो एक हंगेरियन निर्वासित होता. त्याच्यापाशी अमेरिकेतील न्यायालयात केलेले एक प्रतिज्ञापत्र होते, आणि तो अमेरिकेचा नागरिक झाला आहे असे त्या कागदात कोठेही म्हटलेले नव्हते. नागरिक होण्याची त्याची इच्छा आहे, एवढेच त्यात नमूद होते.

कोस्टा तेथवर कसा पोहोचला, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १८४८ साली युरोपभर क्रांतीची लाट उसळली. लायोश कोशुथ यांच्या नेतृत्वाखाली हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सम्राटाविरुद्ध शस्त्र उचलले. रशियाच्या झारने ऑस्ट्रियाच्या मदतीस फौज धाडली आणि १८४९ च्या ऑगस्टमध्ये तो उठाव मोडला. पराभूत झालेले अनेक हंगेरियन सरहद्द ओलांडून तुर्की मुलखात शिरले. ऑस्ट्रियाने त्यांची मागणी केली. सुलतानाने ती मान्य केली नाही. आश्रितास शत्रूच्या स्वाधीन न करण्याचा बाणा त्याने राखला, मात्र ऑस्ट्रियाचा रोष फार वाढू नये म्हणून या लोकांना आशिया मायनरमधील क्यूताह्या येथे नजरकैदेत ठेवले. पुढे त्यांनी तुर्कस्तान सोडून अन्यत्र जावे या बोलीवर त्यांची सुटका झाली. कोस्टा यांपैकीच एक होता. तो अमेरिकेस गेला आणि ३१ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात त्याने नागरिक होण्याच्या इच्छेचे प्रतिज्ञापत्र केले.

त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परक्याला नागरिक होण्यासाठी दोन पायऱ्या चढाव्या लागत. आपण या देशाचे नागरिक होऊ इच्छितो आणि पूर्वीच्या राजाशी असलेली निष्ठा सोडू इच्छितो, असे न्यायालयात प्रतिज्ञेवर सांगणे ही पहिली. लोकांच्या बोलण्यात यास ‘पहिले कागद’ म्हणत. त्यानंतर किमान दोन वर्षे आणि देशातील एकूण वास्तव्याची पाच वर्षे भरली म्हणजे पुन्हा न्यायालयात उभे राहून अखेरची शपथ घ्यावयाची, ही दुसरी. या दोन पायऱ्यांच्या मधल्या काळात देशाबाहेर जाता येई काय? १८१३ च्या एका कायद्याने त्यास साफ मनाई केली होती. पाच वर्षांत एकदाही अमेरिकेच्या भूमीबाहेर पाऊल पडता कामा नये, अशी त्याची अट होती. समुद्रापलीकडे सख्खी माणसे असलेल्यास ही अट किती जाचक वाटली असेल, याची कल्पना करता येते. जून १८४८ मध्ये ती अट रद्द झाली. म्हणजे कोस्टा अमेरिकेत आला तेव्हा उमेदवाराने प्रवास करण्यास आडकाठी उरली नव्हती. परंतु ज्या कायद्याने त्याला जाण्याची मोकळीक दिली, त्याने बाहेर त्याचे रक्षण कोणी करावयाचे याविषयी चकार शब्द काढला नव्हता.

अमेरिकेत दोन वर्षांस एक महिना कमी इतके राहून कोस्टा काही खाजगी व्यवहारासाठी अमेरिकन जहाजाने स्मर्नास आला. तेथील अमेरिकन कॉन्सल ऑफ्ली याच्याकडे जाऊन त्याने संरक्षण मागितले. ऑफ्ली प्रथम कचरला, आणि त्यास दोष देता येणार नाही. त्याच्या दप्तरात माणसांचे दोनच खण होते, नागरिक आणि परके. हा गृहस्थ कोणत्याच खणात नीट बसत नव्हता. अखेर त्याने आणि कॉन्स्टँटिनोपल येथील अमेरिकेचा प्रभारी वकील ब्राऊन याने कोस्टास ‘तेझकेरे’ दिले. परराष्ट्रांचे कॉन्सल आपल्या आश्रयाखालील लोकांना जो अभयपत्राचा कागद देत, त्याचे हे तुर्की नाव. तुर्की साम्राज्यातील वहिवाटीप्रमाणे परकीय कॉन्सलांना असा आश्रय देण्याचा अधिकार होता, आणि आपापल्या प्रजाजनांवर काही अंशी हुकमत चालविण्याचाही. याच दुसऱ्या अधिकारावर ऑस्ट्रियाने बोट ठेवले.

ऑस्ट्रियाच्या दृष्टीने कोस्टा हा फरारी बंडखोर प्रजाजन होता. स्मर्ना येथील ऑस्ट्रियन कॉन्सल जनरलने त्याला पकडण्याची परवानगी तुर्की सुभेदाराकडे मागितली. सुभेदाराने ती नाकारली. तेव्हा जून १८५३ मध्ये काही भाडोत्री लोक बंदराच्या काठावर कोस्टावर तुटून पडले आणि त्यांनी त्याला समुद्रात लोटले. ‘हुसार’ या ऑस्ट्रियन युद्धनौकेची होडी तेथे दबा धरून होतीच. त्याला पाण्यातून उचलून नौकेवर नेण्यात आले व बेड्या ठोकण्यात आल्या. शहरातील निर्वासितांत संतापाची आग भडकली, आणि तिच्यात एका तरुण ऑस्ट्रियन नौदल अधिकाऱ्याचा बळी गेला. इच्छेच्या एका कागदासाठी रक्त सांडले ते असे, आणि सांडले तेही अशा मनुष्याचे की ज्याचा त्या कागदाशी काडीइतका संबंध नव्हता.

योगायोग असा की, याच सुमारास ‘सेंट लुईस’ ही अमेरिकन युद्धनौका स्मर्नाच्या बंदरात येऊन नांगरली. तिचा कप्तान डंकन इंग्रॅहॅम हा दक्षिण कॅरोलिना संस्थानातील चार्ल्सटनचा रहिवासी. त्याची अडचण जरा ध्यानात घ्या. वॉशिंग्टनला पत्र धाडून उत्तर येईपर्यंत कित्येक आठवडे जाणार, आणि कैद्याला ट्रिएस्ट बंदराकडे हलविण्याचा बेत शिजत होता. तेथे तो एकदा पोहोचला की त्याच्या नशिबी काय वाढून ठेवले आहे, हे सांगण्यास ज्योतिष्याची गरज नव्हती. कायदा म्हणत होता, हा नागरिक नाही. तेझकेरे म्हणत होते, हा आमच्या आश्रयास आहे. कॉन्स्टँटिनोपलहून ब्राऊनने आपला अभिप्राय कळविला की, कैदी परत मागावा, आणि न दिल्यास बळाने घ्यावा.

२ जुलै १८५३ रोजी सकाळी इंग्रॅहॅमने ‘हुसार’च्या कप्तानास निर्वाणीचा निरोप धाडला. दुपारी चार वाजेपर्यंत कोस्टाला स्वाधीन करावे, नाहीतर तोफा डागून त्याला सोडवून नेण्यात येईल. दोन्ही नौकांवर लढाईची सिद्धता झाली. बंदर तिसऱ्याच राष्ट्राचे, काठावर हजारो लोकांची वस्ती, आणि अमेरिका व ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पुकारलेले नाही, अशी ती विलक्षण स्थिती होती. सुदैवाने मुदत संपण्यापूर्वी तडजोड निघाली. उभय राष्ट्रांच्या कॉन्सलांनी एकमताने निर्णय करीपर्यंत कोस्टाला फ्रेंच कॉन्सल जनरलच्या ताब्यात ठेवावे, असे ठरले. तोफा थंडच राहिल्या. पुढे त्याची सुटका झाली आणि तो अमेरिकेस परतला.

यानंतर लढाई सुरू झाली ती लेखणीची. ऑस्ट्रियाचा वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी ह्यूल्समान याने ऑगस्टच्या अखेरीस खलिता धाडून तीन मागण्या केल्या. अमेरिकेने आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्याचा निषेध करावा, कोस्टाला परत द्यावे आणि ऑस्ट्रियाच्या निशाणाच्या अवमानाबद्दल समाधान करावे. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री विल्यम मार्सी याने २६ सप्टेंबर १८५३ रोजी दिलेले उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांत आजही प्रसिद्ध आहे.

मार्सी हा मुरलेला राजकारणी होता. कोस्टा आमचा नागरिक आहे, असा दावा त्याने केला नाही. तो टिकलाच नसता. त्याने प्रश्नाची मांडणीच बदलली. ऑस्ट्रियाच्याच १८३२ च्या फर्मानाप्रमाणे परवानगीवाचून कायमचा देश सोडणारा प्रजाजन आपले नागरी हक्क गमावतो. मग ज्याला तुम्ही स्वतःच टाकून दिले, त्याच्यावर तुमचा हक्क कोठून आला? दुसरे असे की, तुर्की भूमीवर तुर्कांच्या परवानगीवाचून तुम्ही हिंसेने माणूस उचलला, तेव्हा पहिला कायदेभंग तुमचा. आणि तिसरे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मनुष्याची ओळख त्याच्या अधिवासावरूनही ठरते. कायम राहण्याच्या बुद्धीने ज्याने एखाद्या देशात घर केले, तो पूर्ण नागरिक नसला तरी जगाच्या दृष्टीने त्या राष्ट्राचा होतो, आणि तात्पुरत्या कामासाठी बाहेर गेल्याने ते नाते तुटत नाही. हा शेवटचा मुद्दा किती ताणता येईल, याविषयी कायदेपंडितांत पुढे पुष्कळ वाद झाला. सामान्य लोकांना मात्र तो तत्काळ पटला. राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये काँग्रेसला धाडलेल्या संदेशात या भूमिकेचे समर्थन केले, आणि १८५४ साली काँग्रेसने इंग्रॅहॅमला सुवर्णपदक देण्याचे ठरविले.

गोष्ट येथे संपली असती तर ती केवळ वीरकथा झाली असती. परंतु इतिहासाने लगेच तिची दुसरी बाजू दाखविली. सायमन टौसिग नावाचा ऑस्ट्रियात जन्मलेला दुसरा एक मनुष्य अमेरिकेचा पासपोर्ट घेऊन ऑस्ट्रियात गेला आणि तेथे पकडला गेला. तोही अद्याप नागरिक झालेला नव्हता. त्याच्या सुटकेसाठी व्हिएन्नातील अमेरिकन वकिलाने खटपट केली. जानेवारी १८५४ मध्ये याच मार्सीने त्यास कळविले की, यापुढे काही करता येणार नाही. पासपोर्ट केवळ नागरिकांनाच देता येतो, तेव्हा मुळात तोच त्यास मिळावयास नको होता. पण त्याचा अधिवास अमेरिकेत होता असे क्षणभर धरले, तरी तो स्वेच्छेने जुन्या राज्याच्या हद्दीत परत गेला, आणि तेथील कायद्याच्या कक्षेत त्याने स्वतःच पाऊल टाकले. कोस्टासाठी तोफा रोखल्या गेल्या आणि टौसिगच्या वाट्यास केवळ दिलगिरी आली. तो गेला होता व्हिएन्नाच्या राज्यात आणि कोस्टा होता स्मर्नाच्या बंदरात, यात सारे आले. शपथेपूर्वीच्या प्रवाशाचे संरक्षण त्याच्याजवळच्या कागदापेक्षा त्याच्या पायांखालच्या जमिनीवर अवलंबून होते.

पुढील अर्धशतकात अमेरिकन सरकारने या मधल्या अवस्थेतील माणसांकडे सोयीसोयीने पाहिले. १८६३ साली यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा ‘पहिले कागद’ केलेले परके तिच्या कक्षेत घेण्यात आले. ज्यांना हे नको असेल त्यांनी ६५ दिवसांच्या आत देश सोडावा, असे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मे महिन्यात जाहीर केले. म्हणजे रणांगणावर पाठविताना हा मनुष्य आपला होता. उलट १८७० साली ऑस्ट्रिया-हंगेरीशी जो करार झाला, त्यात केवळ इच्छेच्या प्रतिज्ञापत्रास नागरिकत्वाचे मोल नाही असे अमेरिकेने मान्य केले. सतरा वर्षांपूर्वी ज्या मुद्द्यावर युद्ध पेटावयाचे राहिले, तो अशा रीतीने एका वाक्यात मिटविण्यात आला. १९०७ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. प्रतिज्ञापत्र करून तीन वर्षे देशात राहिलेल्या मनुष्यास प्रवासासाठी सहा महिन्यांचा पासपोर्ट देता येईल, मात्र तो मनुष्य मूळच्या देशात गेल्यास तेथे त्या पासपोर्टाने त्यास संरक्षण मिळणार नाही. टौसिगच्या प्रकरणात मार्सीने जे पत्रात लिहिले, तेच आता कायद्याचे कलम झाले. पुढे ही सवलतही राहिली नाही.

आणि कप्तान इंग्रॅहॅम? १८६१ साली दक्षिणेची संस्थाने फुटून निघाली, तेव्हा त्याने अमेरिकेच्या आरमाराचा राजीनामा दिला आणि तो बंडखोर दक्षिणेच्या आरमारात दाखल झाला. एका परक्याच्या अपुऱ्या निष्ठेसाठी ज्याने तोफा रोखल्या, त्याची स्वतःची पूर्ण शपथ आठ वर्षांनी सैल झाली. यात त्याचा उपहास करण्याचा हेतू नाही. शपथ हा निष्ठेचा पुरावा असतो. निष्ठा तिच्या आधी असू शकते आणि नंतर नाहीशीही होऊ शकते, एवढाच याचा बोध.

शपथ घेतल्यावर तरी प्रवासी निर्धास्त होतो काय? याचे उत्तर आपल्या एका देशबांधवाच्या चरित्रात आहे. पेशावरचे वैष्णो दास बगाई १९१५ साली पत्नी व मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस गेले. ब्रिटिशांच्या अमलाखालून सुटून मुक्त देशात राहावे, ही त्यांची आकांक्षा होती. १९२१ साली त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. परंतु १९२३ च्या फेब्रुवारीत भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भारतीय मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गौरवर्णीय’ नसल्याने नागरिक होण्यास पात्र नाही. त्यानंतर ज्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, त्यांत बगाई होते. पुढे भारतात येऊन आप्तांना भेटावे असे त्यांच्या मनात आले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, ब्रिटिश पासपोर्ट घेऊन जा. ज्या निष्ठेचा त्यांनी न्यायालयात उभे राहून त्याग केला होता, तिचाच कागद हाती घेतल्यावाचून त्यांना घरी जाता येत नव्हते. त्यांनी तो घेतला नाही. १९२८ साली त्यांनी आपले जीवन संपविले आणि आपली व्यथा एका वृत्तपत्रास लिहिलेल्या पत्रात मागे ठेवली. कोस्टाला इच्छेच्या कागदावर जे मिळाले, ते बगाईंना शपथ घेऊनही मिळाले नाही. भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होण्याची वाट कायद्याने मोकळी झाली ती २ जुलै १९४६ रोजी; स्मर्नाच्या बंदरातील त्या दिवसानंतर बरोबर ९३ वर्षांनी.

मधल्या काळात जगाने या त्रिशंकू अवस्थेवर काही उपाय शोधले. ज्यांना देशच उरला नाही अशा निर्वासितांसाठी १९२२ साली नान्सेन यांच्या पुढाकाराने प्रवासाचा वेगळा दाखला निघाला, आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्वासितांच्या प्रवासपत्रास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने कॉन्सलांची कर्तव्ये लेखी ठरवून दिली. अमेरिकेत इच्छेचे प्रतिज्ञापत्र १९५२ च्या कायद्यापासून ऐच्छिक झाले. आता प्रश्न तोफांचा राहिलेला नाही, दिवसांच्या हिशेबाचा आहे. तेथे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या मनुष्यास सामान्यतः पाच वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि त्यांपैकी निम्मे दिवस तो प्रत्यक्ष देशात असावा लागतो. सलग सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिल्यास त्याचे वास्तव्य अखंड आहे की नाही याची शंका घेतली जाते, आणि वर्ष उलटल्यास ते खंडित झाल्याचे धरले जाते. मुलाखत पार पडून शपथविधीचा दिवस आला, तरी तेथे एक प्रश्नपत्रिका भरून द्यावी लागते. मुलाखतीनंतर आपण देशाबाहेर गेला होता काय, हा तिच्यातील एक प्रश्न. १८१३ च्या कायद्याची ती अट गेली, पण तिची सावली अजून रेंगाळते आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा हिशेब चांगला ठाऊक असतो. मुलाखत झाली, शपथेची तारीख यावयाची आहे, आणि पुण्याहून वा नागपूरहून वडिलांच्या प्रकृतीचा निरोप येतो. अशा वेळी त्यांचा आधार भारताचाच पासपोर्ट असतो. शपथ होईपर्यंत ते भारताचे नागरिक असतात आणि वाटेत अडचण आली तर भारताच्या वकिलातीकडेच दाद मागावयाची असते. शपथ घेताच मात्र आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे ते नाते संपते. कायम वास्तव्याचे ओळखपत्र शपथविधीच्या वेळी परत केलेले असते, भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही आणि नव्या देशाचा अद्याप हाती आलेला नसतो. ते काही दिवस असे की, नागरिकत्व पूर्ण असूनही प्रवास करता येत नाही. कोस्टाची अवस्था याच्या नेमकी उलट होती. त्याला प्रवासाची मोकळीक होती, नागरिकत्व नव्हते.

सरकारी कचेरीत वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्यास तारखेचे महत्त्व कोणी समजावून सांगावयास नको. कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि शपथेच्या दिवसाइतकी स्वच्छ रेघ दुसरी नाही. तरीही अर्जाच्या अलीकडे आणि शपथेच्या पलीकडे उभे असलेले माणूस एकच असते, हे विसरून चालत नाही. स्मर्नाच्या कॉन्सलाला त्याच्यासाठी दप्तरात खण सापडेना. त्याने थोडा विचार केला आणि शेवटी तेझकेरे लिहून दिले. आपल्या दारी येऊन ‘मी तुमचा होऊ इच्छितो’ असे प्रतिज्ञेवर सांगणाऱ्या मनुष्याचे आपण काही देणे लागतो की नाही, याचा निर्णय प्रत्येक राज्यात असा कोणा एका टेबलावर आधी होतो. तोफा आणि खलिते त्यानंतर येतात.